वादळ इकडचं की पलीकडचं

आमच्या हिला सूर्याकडे बघायचा पगार मिळतो, हे मी लग्नानंतर बरीच वर्षं कोणाला सांगत नसे. सांगितलं की लोक विचारत, "मग वहिनी भविष्य पण सांगतात का?" आणि माझं डोकं फिरे. माझा धंदा मोटर रिवाइंडिंगचा. जळालेल्या मोटरी, पंप, पंखे यांच्यातली जुनी तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी भरायची. यात काम डोळ्यांना दिसतं. मोटर फिरली तर फिरली, नाही तर गिऱ्हाईक उरावर बसतं. हिचं तसं नव्हतं. सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी यायची, आणि दिवसभर काय केलंस असं विचारलं तर म्हणायची, "आज काही झालं नाही." काही न होण्याबद्दल पगार देणारं दुसरं ऑफिस मला तरी माहीत नाही.

खरं काम असं. सूर्यावर कधीकधी मोठा भडका उडतो, त्याला सौरज्वाला म्हणतात. कधी त्याच्यासोबत, कधी त्याच्याशिवायही, सूर्याच्या अंगावरून तापलेल्या वायूचा अवाढव्य ढग सुटतो आणि अंतराळात पसरत जातो. भडक्याचा उजेड आठ मिनिटांत आपल्याकडे पोचतो, ढगाला मात्र एक ते चार दिवस लागतात. ढग पृथ्वीवर येऊन आदळला तर विजेच्या लांबच लांब तारांमधून नको तो प्रवाह वाहायला लागतो, मोठाले ट्रान्सफॉर्मर तापतात, विमानांचे रेडिओ खरखरतात. असा ढग निघालाय का, आणि निघाला असेल तर तो आपल्याकडे येतोय का, हे सांगणं हिच्या खोलीचं काम. खोलीला पूर्वानुमान कक्ष असं भारदस्त नाव आहे. आत चार टेबलं, आठ पडदे आणि कधीच नीट न चालणारा एक एसी.

अंतराळात एका यानावर कॅमेरा आहे आणि त्याच्यापुढे एक गोल चकती. चकती सूर्याचा चेहरा झाकते, म्हणजे भोवतालचा फिका उजेड दिसतो. थोड्या थोड्या वेळानं नवं चित्र येतं. ही नव्या चित्रातून मागचं चित्र वजा करते. जे हललं नाही ते सगळं राखाडी होऊन जातं, जे हललं तेवढंच उरतं. घरातही हिची नजर अशीच चालते. खुर्ची वीतभर सरकली तरी दारातून तिला कळतं. पण मी नवा शर्ट घालून तासभर समोर बसलो तर पत्ता नाही, कारण मी हललेलो नसतो.

ढग सूर्याच्या कडेवरून निघाला तर चकतीच्या एका बाजूला फुगा दिसतो. असला ढग भलतीकडे जातो, त्याची काळजी नाही. पण तो थेट आपल्या दिशेनं निघाला तर चकतीच्या चारही बाजूंनी कडं दिसतं. खरी मेख पुढे आहे. सूर्याच्या पाठीमागून, आपल्याकडे पाठ करून निघालेल्या ढगाचंही अगदी तसंच कडं दिसतं. चित्र तेच. एक आपल्या अंगावर येतंय, दुसरं आपल्यापासून पळतंय. याच कड्यानं आमच्या हिला तोंडघशी पाडलं.

त्या दिवशी चकतीभोवती असं ठसठशीत कडं उठलं की कक्षातले सगळे खुर्च्या सोडून उभे राहिले. सूर्याच्या चेहऱ्यावरही, आपल्याकडच्या बाजूला, त्याच सुमाराला मोठा भडका उडालेला. पलीकडची बाजू दाखवणारं एक दुसरं यान असतं, पण त्याच्याशी संपर्क तुटलेला होता. हिनं भडका आणि कडं यांची गाठ मारली आणि इशारा दिला : ढग आपल्याकडे येतोय, जोरात येतोय. वीज नियंत्रण केंद्रानं दुरुस्तीची कामं थांबवली, विमानांचे मार्ग बदलले, बातम्यांमध्ये हिच्या कक्षाचं नाव आलं. मी दुकानात येईल त्याला ऐकवत होतो, "हा इशारा आमच्या घरातून गेलाय बरं का." माझी छाती इतकी फुगली होती की शर्टाचं बटण तुटायचं बाकी होतं.

माझा मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, पुढच्या गल्लीत आइस्क्रीमचं दुकान चालवतो. त्यानं स्वतःची अक्कल चालवून सगळे फ्रीझर बंद केले. कोणी सांगितलं नव्हतं. बहिणीचा शब्द म्हणून त्यानं पाळला.

आणि काहीच आलं नाही. एक दिवस गेला, दोन गेले, वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही. मेहुण्याच्या दुकानातून गुलाबी पाणी पायरीवरून रस्त्यावर आलं. "भावोजी, ताईला विचारा, वादळ कुठल्या फ्लेवरचं होतं," असं तो भर रस्त्यात ओरडला आणि अख्खी गल्ली हसली. तेव्हापासून हिचं नाव पडलं वादळबाई.

त्या दुसऱ्या यानाशी संपर्क जुळला तेव्हा उलगडा झाला. सूर्याच्या पाठीमागे, जवळजवळ त्याच वेळी, दुसरंच काहीतरी फुटलं होतं. कडं त्याचं होतं. अलीकडच्या भडक्यातून ढग सुटलाच नव्हता. शेजारच्या दोन घरांत एकाच वेळी भांडणं व्हावीत आणि आपण ती एकच समजावीत, तसं झालं.

हिच्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं. माणूस तसा वाईट नाही, पण वरून बोलणी खाऊन आला होता. म्हणाला, "मॅडम, चूक कोणाचीही होते. पण बाहेरचे लोक आपल्यावर किती वेळा विश्वास ठेवतील? पुन्हा असं झालं तर मला तुम्हाला इशाऱ्याच्या टेबलावरून काढावं लागेल. जुन्या चित्रांच्या संग्रहात बसाल, पगार तोच राहील." पगार तोच राहील म्हणाला, जसं काही हिला पगाराचीच पडली होती!

घरी आल्यावर मी साहेबाच्या नावानं शंख केला. कॅमेऱ्यावर, तुटलेल्या संपर्कावर, सगळ्यांवर खापर फोडून झालं. हिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं तुमचं? चूक माझी आहे. भडका दिसला आणि मी पुढचं बघणं बंद केलं. आता बघायला शिकायचंय."

"इतकी वर्षं काय करत होतीस मग?"

"भडके बघत होते," ती म्हणाली.

मग तिनं जे सुरू केलं त्यानं मी हात टेकले. संग्रहातून तिनं अशी जुनी कडी काढली, ज्यांची बाजू दुसऱ्या यानानं नक्की केलेली होती. कक्षातला एक सहकारी, ज्याला सगळे मोजणीदार म्हणतात कारण ढगाची कड कुठवर आली हे तो हिच्याइतकंच बारकाईनं मोजतो, तिला ती चित्रं उलटसुलट क्रमानं द्यायचा आणि उत्तर आपल्याजवळ ठेवायचा. ही सांगायची, इकडचं की पलीकडचं. तो फक्त बरोबर किंवा चूक एवढंच म्हणायचा. सुरुवातीला नाणं उडवलं असतं तरी तितकंच बरोबर आलं असतं. मोजणीदार संकोचानं एकदा म्हणाला, "मॅडम, मी मध्येमध्ये खोटं बरोबर म्हणू का?" हिनं त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन दिवस तिच्यासमोर चहाला आला नाही.

भडक्यांकडे बघायचंच नाही, असं तिनं ठरवलं. भडका म्हणजे आरडाओरडा. आरडाओरडा करणारा प्रत्येक जण घर सोडून जात नाही. गेलेल्याची जागा रिकामी दिसायला हवी. सूर्याच्या चेहऱ्यावर काळ्या दोऱ्यासारख्या लांब रेघा पडून असतात, दिवसेंदिवस हलत नाहीत. ढग सुटतो तेव्हा पुष्कळदा असा दोरा उचलला जाऊन नाहीसा होतो. जिथून माल निघून गेला तिथे दोन बाजूंना जागा काळवंडते, जणू कोणी दोन बोटं टेकवली. ही काळवंडलेली जागा फार फिकी असते आणि थोड्या वेळात भरून निघते. दोरा गेला आणि बोटं उमटली, तर ढग इकडचा, मग भडका असो वा नसो. हे या विषयातल्या माणसांना माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि घाईच्या वेळी, आठ पडदे एकदम बोलत असताना, डोळा तिथेच जाणं वेगळं. तिला डोळ्याला वळण लावायचं होतं.

यात वर्षं गेली. सुट्टीच्या दिवशीही ती जेवणाच्या टेबलावर राखाडी चित्रं घेऊन बसायची आणि मी कोपऱ्यात ताट घेऊन उभा. एकदा मी वैतागून म्हटलं, "सोड ती नोकरी. दुकानात बस माझ्याबरोबर, निदान पंखे फिरताना दिसतील."

"मी दुकानात बसले तर तुमची गिऱ्हाइकं पळतील."

"का?"

"मी त्यांना खरं सांगेन, की हा पंखा दुरुस्त करण्यापेक्षा नवा घ्या."

मी ताट घेऊन टीव्हीसमोर गेलो.

तिनं या सगळ्यावर एक शोधनिबंध लिहिला. तो परत आला. तपासणाऱ्यानं लिहिलं होतं की एकाच माणसाच्या नजरेवर काय भरवसा. तिनं मोजणीदाराला शिकवलं, आणखी दोघांना शिकवलं, त्यांचीही परीक्षा घेतली आणि पुन्हा पाठवला. पुन्हा परत आला. मला वाटलं, आता तरी ही रडेल. ती म्हणाली, "या वेळची शंका बरोबर आहे हो," आणि कामाला लागली. तिसऱ्यांदा छापून आला. मेहुण्यानं एक डबाभर आइस्क्रीम आणलं आणि निबंध चाळून म्हणाला, "ताई, यात माझ्या नुकसानीचा उल्लेख नाही." ती पोट धरून हसली. मी तिला इतकं हसताना फार दिवसांनी बघितलं.

त्यानंतरची गोष्ट मी स्वतः पाहिली. हिच्या ऑफिसच्या पाण्याच्या पंपाची मोटर जळली होती. ती भरून, बसवून, काम झाल्याची सही घ्यायला मी वर गेलो. सही साहेबांची हवी होती आणि साहेब पूर्वानुमान कक्षात होते. मी दारातच थांबलो, कारण आत कोणीही माझ्याकडे बघण्याच्या मनःस्थितीत नव्हतं.

पडद्यावर कडं होतं. त्या पहिल्यासारखं ठसठशीत नव्हे. इतकं फिकं की मला ते दाखवल्यावरही नीट दिसलं नाही. मोजणीदार आणि ही, दोघांनी वेगवेगळ्या टेबलांवर बसून वेग मोजला होता आणि आकडे जुळत होते. बाजूच्या पडद्यावर सूर्याचा चेहरा अगदी शांत. भडका सोडाच, ठिणगीही नाही. आणि पलीकडची बाजू दाखवणारं यान या वेळी होतं, पण ते फिरत फिरत आपल्याच बाजूला आलं होतं, त्यामुळे त्यालाही नुसतं कडंच दिसत होतं.

"पलीकडचं आहे," साहेब म्हणाले. "इकडे काही झालेलंच नाही."

"सर, इकडचं आहे," ही म्हणाली.

"भडका कुठे आहे?"

"भडका नाही. दोरा पण नाही." तिनं कालचं चित्र लावलं. चेहऱ्याच्या मध्याजवळ एक काळी रेघ होती. मग आजचं लावलं. रेघ नव्हती. "आणि इथे बघा, आणि इथे." तिनं पडद्यावर दोन ठिकाणी पेन्सिलीचं टोक धरलं. साहेब चष्मा वर करून जवळ गेले. बराच वेळ बघत राहिले.

"मला दिसतंय असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही नाही."

"मला दिसतंय," ही म्हणाली.

"मला पण," मोजणीदार म्हणाला.

साहेबांनी चष्मा खाली केला. "मॅडम, मागच्या वेळी मी काय बोललो होतो ते आठवतंय ना? हा इशारा तुमच्या नावानं जाईल. आला नाही तर मला तुम्हाला वाचवता येणार नाही. शंका आहे असं लिहून गप्प बसलात तर कोणी काही म्हणणार नाही."

मला ओरडून सांगावंसं वाटलं की अगं, लिही ना शंका आहे म्हणून, कोणाचं काय जातंय! ही माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

"शंका असती तर तसंच लिहिलं असतं," ती म्हणाली आणि इशाऱ्याचा मजकूर टाइप करायला बसली. येण्याची वेळ लिहिली, पुढे-मागे किती चुकू शकेल तेही लिहिलं, आणि खाली आपलं नाव. मग वीज नियंत्रण केंद्राला फोन लावला. तिथल्या इंजिनीअरनं मागच्या वेळचा हिशेब अजून मनात ठेवला असणार, कारण हिला तेच वाक्य तीनदा सांगावं लागलं. माझी सही त्या दिवशी राहूनच गेली.

संध्याकाळी ती चपला काढता काढता म्हणाली, "एक गोष्ट मला माहीत नाही, आणि आत्ता कोणालाच माहीत नाही."

"आता आणखी काय?"

"ढगाच्या आत चुंबक असतं. त्याची दिशा दक्षिणेकडे असेल तर पृथ्वीच्या चुंबकाला ते पकडतं आणि वादळ होतं. उत्तरेकडे असेल तर नुसतं घासून निघून जातं. सूर्य आणि पृथ्वीच्या मध्ये, पृथ्वीजवळ, एक यान उभं आहे. ढग तिथे पोचेपर्यंत दिशा कळत नाही. आणि तिथून इथे यायला तासभर."

हे मात्र मला लगेच उमगलं. मोटरीत तार उलट्या बाजूनं भरली की तीच मोटर उलटी फिरते. "म्हणजे तुझं सगळं बरोबर असूनही काही होणार नाही, असं होऊ शकतं?"

"हो."

"मग सगळे तुलाच हसतील."

"हसू दे. ढग येणार की नाही, हे मी सांगितलंय. त्यात मी चुकलेली नाही."

नंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. दुकानात एकाच मोटरीत दोनदा चुकीची तार भरली. मेहुणा येऊन विचारून गेला, "ताई, फ्रीझर?" ती म्हणाली, "तुझ्या फ्रीझरचा आणि सूर्याचा काही संबंध नाही रे बाबा, तेव्हाही नव्हता." तो गेला. नंतर कळलं की त्यानं तरीही एक फ्रीझर बंद ठेवला होता. बहिणीवरच्या विश्वासाला काय म्हणावं!

ढग आला. तिनं लिहिलेल्या वेळेच्या आत आला. त्या मधल्या यानावरचा, सूर्याकडून येणाऱ्या वायूच्या वेगाचा आलेख एकदम भिंतीसारखा उभा राहिला, आणि मोजणीदारानं म्हणे कक्षात दोन्ही हात वर केले. मग सगळे दिशेच्या आलेखाकडे बघत बसले. उत्तर. एक तास उत्तर, दोन तास उत्तर. ढग संपेपर्यंत उत्तरच. पृथ्वीवर काहीही झालं नाही. दुसऱ्या दिवशीच्या बातमीचा मथळा होता, वादळाचा इशारा पुन्हा फोल. फोल हा शब्द लिहिणारा मला भेटला असता तर मी त्याला चारचौघांत ऐकवलं असतं.

साहेबांनी हिला सांगितलं, "मॅडम, तुम्ही बरोबर होतात, हे मी वर लिहून दिलंय. पण वीजवाल्यांनी दुसऱ्यांदा कामं थांबवली आणि दुसऱ्यांदा काही झालं नाही. इशारा आपण त्यांच्यासाठी देतो. पुढे तुमच्याकडून इशारा घ्यायची त्यांची तयारी नसेल, तर माझ्या हातात काही नाही. मी त्यांना विचारलंय." म्हणजे हिचं टेबल आता त्या तिरसट इंजिनीअरच्या हातात. मी घरभर फेऱ्या मारत होतो. ही मात्र रोजच्या वेळेला उठून कामाला जात होती.

सुट्टीच्या दिवशी ती बटाटे सोलत बसली होती. फोन वाजला. हात ओले होते म्हणून मी तो उचलून टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला. इंजिनीअर होता.

"मॅडम, तुमच्या साहेबांनी आमचं मत मागवलंय. त्याआधी मला तुम्हाला एक विचारायचंय. जे झालं ते बघून, त्या दिवशी फोन करायला नको होता असं तुम्हाला वाटतं का?"

मी तिच्याकडे बघून जोरजोरात मान हलवत होतो. हो म्हण, थोडं नमतं घे, काय बिघडतं!

"नाही," ती म्हणाली. "तसंच चित्र आज आलं तर मी आजही फोन करेन. आणि तेव्हाही कदाचित काही होणार नाही. तुम्हाला शंभर टक्के खात्री हवी असेल तर ती माझ्याकडे नाही, आणि जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका."

मला वाटलं, संपलं.

"आम्ही तुमचा आलेख मागवून बघितला," इंजिनीअर म्हणाला. "तोच ढग दक्षिणेकडचा असता तर काय झालं असतं, तेही आमच्या लोकांनी काढून बघितलं. आमचे दोन मोठे ट्रान्सफॉर्मर जळाले असते, मॅडम. एकेक बदलायला वर्ष जातं. आणि तुमच्या खोलीतल्या दुसऱ्या कोणी फोन केला नसता, असं तुमचे साहेबच म्हणाले. मी लिहून कळवतोय की इशारा तुमच्याकडूनच हवा. फक्त चुंबकाची दिशा कळली की तो फोनही तुम्हीच करायचा. झोपेतून उठवलंत तरी चालेल."

"करेन," ती म्हणाली.

फोन बंद झाला. तिनं सुरी खाली ठेवली, ओले हात तसेच तोंडावर घेतले आणि हमसाहमशी रडायला लागली. इतकी वर्षं अडवून धरलेलं सगळं बाहेर आलं. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो, आणि मलाही रडू आलं.